न्यू जर्सीत आधी राहणारे लेनापे लोक नेमके गेले कुठे? आणि पूर्व जर्सी-पश्चिम जर्सी ही काय भानगड आहे?

अनघा_पार्सिपनी

नमस्कार मंडळी. लेकीला चौथीत न्यू जर्सीचा इतिहास आहे, तिच्यासाठी लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि आता तिच्यापेक्षा मीच जास्त वाचतेय. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. सगळ्या पुस्तकांत पहिला धडा लेनापे लोकांचा, त्यांची घरं, मका, होड्या, मातीची भांडी, छान चित्रंबित्रं. दुसऱ्या धड्यात डच येतात, इंग्रज येतात, आणि लेनापे एकदम गायब! कुठे गेले, का गेले, कोणी घालवले, एक ओळ नाही. मग थेट वॉशिंग्टन डेलावेअर नदी ओलांडतोय.

लेकीने विचारलं की आई ते सगळे मेले का, आणि मला उत्तर देता आलं नाही. पार्सिपनी, हॅकनसॅक, पसेइक, रॅरिटन ही नावं आपण रोज घेतो, जीपीएसवर टाकतो, आणि ज्यांनी ती ठेवली त्यांचं पुढे काय झालं हे इथे इतकी वर्षं राहून माहीत नाही हे मला फार लागलं.

दुसरा प्रश्न, जुन्या नकाशात राज्याच्या मधोमध तिरकी रेघ मारलेली दिसते, एकीकडे पूर्व जर्सी, दुसरीकडे पश्चिम जर्सी. ती काय भानगड आहे? इथे इतिहासाची आवड असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते. थोडं सविस्तर लिहिलंत तरी चालेल, मी वाचणार आहे.

---

हडसनकाठचा

अनघाताई, प्रश्न आवडला. मी जर्सी सिटीत राहतो आणि या विषयावर मिळेल ते वाचत असतो, त्यामुळे डचांपर्यंतचं मी लिहितो, पुढचं बापू लिहितील अशी आशा आहे, त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त आहे.

पहिली गोष्ट म्हणजे लेनापे म्हणजे एक राज्य, एक राजा असं काही नव्हतं. आजचं अख्खं न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाचा पूर्व भाग, न्यूयॉर्कचा दक्षिणेकडचा भाग (मॅनहॅटन धरून) एवढ्या पट्ट्यात त्यांच्या लहान लहान वस्त्या होत्या, उत्तरेकडचे मन्सी बोलणारे, दक्षिणेकडचे उनामी बोलणारे. कूळ आईकडून चालायचं, कासव, लांडगा आणि टर्की अशी तीन कुळं, आणि प्रमुखाचं पद मुलाकडे न जाता बहुधा बहिणीच्या मुलाकडे जायचं. शेती बायकांच्या हातात, मका, त्याच्यावर चढणारा घेवडा आणि खाली पसरणारा भोपळा हे तिन्ही एकाच आळ्यात. उन्हाळ्यात समुद्रावर जायचे, कालवं-शिंपल्या खायच्या आणि वाळवून परत घेऊन यायच्या. डेलावेअर नदीच्या वरच्या अंगाला मिनिसिंक म्हणून जागा आहे तिथून थेट समुद्रापर्यंत त्यांची पायवाट होती, राज्य आडवं कापून जाणारी. म्हणजे ज्याला गोरे लोक नंतर रिकामं जंगल म्हणाले ते रिकामं अजिबात नव्हतं, फक्त त्यावर कुंपणं नव्हती.

आणि जमीन हा सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. त्यांच्याकडे जमीन वापरायचा हक्क असायचा, कुठल्या कुळाने कुठे पेरायचं, कुठे शिकार करायची हे ठरलेलं असायचं. बाहेरचा माणूस भेटी घेऊन आला तर त्याला राहू द्यायचे, पण म्हणून आपण इथून कायमचं उठायचं आणि पोराबाळांनीही परत पाय ठेवायचा नाही हा व्यवहार त्यांना माहीत नव्हता. गोऱ्यांच्या कागदावर मात्र तेच लिहिलेलं असायचं.

१६०९ ला हेन्री हडसन आला, तो इंग्रज पण नोकरी डच ईस्ट इंडिया कंपनीची. हीच ती कंपनी जिची आपल्या वेंगुर्ल्याला वखार होती, पडकी इमारत अजून उभी आहे. आशियाचा जवळचा रस्ता शोधायला निघाला आणि सँडी हूकला पोचला. त्याच फेरीत चकमक झाली आणि त्याचा एक खलाशी जॉन कोलमन गळ्यात बाण लागून मेला. म्हणजे पहिल्याच भेटीत रक्त सांडलं. मग डच वेस्ट इंडिया कंपनीने न्यू नेदरलँड वसवलं, त्यांना हवी होती बीव्हरची (पाण्यात राहणारा एक केसाळ प्राणी) कातडी. कातड्यांच्या बदल्यात कापड, कुऱ्हाडी, बंदुका, दारू. आणि त्यांच्याबरोबर देवी, गोवर. लोक लढाईत मेले त्याच्या कितीतरी पट जास्त रोगाने मेले, वस्त्याच्या वस्त्या बसल्या.

आता जे लिहितोय ते चौथीच्या पुस्तकात येणार नाही. हडसन नदीच्या अलीकडच्या काठावर, म्हणजे आमच्या जर्सी सिटीच्या किनाऱ्यावर, पावोनिया नावाची डच वसाहत होती, १६३० ची. (न्यूपोर्टच्या पाथ स्टेशनच्या पाटीवर आधी पावोनिया नाव होतं, जुन्या लोकांना आठवत असेल.) गव्हर्नर होता विलेम कीफ्ट. आधी याने लेनापे लोकांवर कर बसवायचा प्रयत्न केला, त्यांच्याच जमिनीवर त्यांच्याकडून कर, त्यातून भांडणं वाढली. १६४३ च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या टोळ्यांच्या हल्ल्यांना घाबरून काही शे लोक पळून पावोनियाला आले, डचांच्या आसऱ्याला. आणि २५ फेब्रुवारीच्या रात्री कीफ्टने आपले सैनिक पाठवून त्या झोपलेल्या लोकांची कत्तल केली. पावोनियाला ८० आणि पलीकडे मॅनहॅटनला कॉर्लियर्स हूकला ४० अशी संख्या सांगतात, बायका आणि तान्ही पोरं धरून.

हे आपल्याला कळतं कसं, तर डेव्हिड द व्रीस नावाच्या एका डच माणसामुळे. त्याने कीफ्टला परोपरीने सांगितलं होतं की हे करू नका. त्या रात्री तो मॅनहॅटनच्या किल्ल्यात गव्हर्नरच्या घरी स्वयंपाकघरात शेकोटीजवळ बसून होता, मध्यरात्री नदीपलीकडून किंकाळ्या ऐकू आल्या म्हणून तटावर जाऊन पावोनियाच्या दिशेने बघत उभा राहिला, आणि हे सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलं. मी रोज ऑफिसला जाताना तोच किनारा बघतो, तिथे आता काचेचे टॉवर आहेत आणि त्यांत आपलेच कितीतरी लोक राहतात.

त्यानंतर दोन वर्षं लढाई चालली, डचांची शेतं जळाली, पावोनिया ओस पडलं. शेवटी १६४५ ला तह झाला, त्यात हॅकनसॅक लोकांचा प्रमुख ओराटाम याचा मोठा वाटा होता. हे नाव लेकीला नक्की सांगा. पुढे पुन्हा १६५५ ला भडका उडाला आणि मग १६६० ला पीटर स्टायव्हेसंटने तटबंदी घालून बर्गन हे गाव वसवलं. न्यू जर्सीतलं पहिलं कायमचं गाव ते हेच. त्याचा चौक, बर्गन स्क्वेअर, अजून जागेवर आहे, आपल्या इंडिया स्क्वेअरमध्ये डोसा खायला जाता ना तिथून चालत जाता येईल एवढं जवळ.

---

गोंद्या

मस्त माहिती. पण हे डचांचं झालं. मी जे वाचलंय त्यात इंग्रज आणि विशेषतः क्वेकर (लढाईला विरोध असलेला ख्रिस्ती पंथ) लोकांनी न्यू जर्सीत जमीन रीतसर विकत घेतली, लढाया झाल्या नाहीत असं आहे. रक्तपात करून घेतलेलं राज्य नाही हे. मग विकली असेल त्यांनी आणि निघून गेले असतील चांगल्या जागी?

---

बापू_ट्रेंटन

हडसनकाठच्या, छान लिहिलंस रे. आता गोंद्याच्या प्रश्नाला धरून पुढचं सांगतो, जरा मोठं होईल.

गोंद्या, खरेदीखतं झाली हे खरं आहे आणि ढिगाने झाली. पण कोणाला काय विकलं हे बघायला सुरुवातीपासून जावं लागतं. १६६४ च्या मार्चमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने हा सगळा मुलूख आपल्या भावाला, ड्यूक ऑफ यॉर्कला देऊन टाकला. त्या वेळी तो मुलूख डचांच्या ताब्यात होता आणि राहत होते लेनापे. ऑगस्टमध्ये इंग्रजी जहाजं आली आणि स्टायव्हेसंट न लढता शरण गेला. पण त्याच्याही आधी, जूनमध्येच, ड्यूकने हडसन आणि डेलावेअर या दोन नद्यांमधला भाग आपल्या दोन दोस्तांना देऊन टाकला होता, लॉर्ड बर्कली आणि सर जॉर्ज कार्टरेट. कार्टरेट जर्सी बेटाचा म्हणून हे न्यू जर्सी. हाच चार्ल्स, ज्याला लग्नात पोर्तुगीजांकडून मुंबई मिळाली आणि १६६८ ला त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने दिली. आपल्याकडे महाराजांनी सुरत लुटली तेच हे १६६४ साल. तेव्हा जगाच्या दोन टोकांची जमीन एकाच टेबलावर बसून वाटली जात होती हे मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गंमत पुढे आहे. ड्यूकने जमीन दिलेली आहे हे इथल्या इंग्रज अधिकाऱ्याला, रिचर्ड निकल्सला, माहीतच नव्हतं. त्याने इकडे एलिझाबेथटाऊनच्या लोकांना जमिनीचे परवाने वाटून टाकले. त्या लोकांनी लेनापेंकडूनही खरेदीखत करून घेतलं. आणि मग कार्टरेटचा लांबचा चुलत भाऊ फिलिप आला, म्हणाला जमीन आमची, खंड भरा. म्हणजे एकाच जमिनीचे तीन सातबारे! यावरून जे भांडण लागलं ते शंभर वर्षं मिटलं नाही. १६७२ ला उठाव झाला, १७४५ ला तर लोकांनी नेवार्कचा तुरुंग फोडून आपला माणूस बाहेर काढला. आणि या दंगलीत गोरे शेतकरी काय दाखवायचे, तर लेनापेंनी सही केलेला कागद! आमच्याकडे मूळ मालकाचं खत आहे, तुमच्या राजाचं आम्हाला सांगू नका. लेनापेंचा हक्क त्यांना कोर्टात हवा होता, लेनापे शेजारी नको होते.

नेवार्कचंच उदाहरण घे. कनेक्टिकटचे प्युरिटन (कडक धार्मिक इंग्रज) १६६६ ला आले. पुढच्या वर्षी हॅकनसॅक लोकांबरोबर खत झालं, त्यात दिलेल्या वस्तूंची यादी आहे: बंदुकीची दारू, शिशाच्या १०० कांबी, २० कुऱ्हाडी, २० कोट, १० बंदुका, २० पिस्तुलं, १० किटल्या, ४ ब्लँकेटं, ४ पिंपं बिअर, शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा, असं बरंच. त्यात आजचं नेवार्क आणि आजूबाजूची कितीतरी गावं गेली. आता सांग, ज्या समाजाचे निम्म्याहून जास्त लोक रोगाने मेलेत, ज्याची शिकार संपलीय, ज्याच्या शेतात सेटलर लोकांची डुकरं शिरतायत आणि ज्याला दारूची उधारी फेडायचीय, तो विकतो म्हणजे काय करतो? सही खरी असते पण त्या वेळची परिस्थिती पण बघायला पाहिजे ना.

अनघाताई, तुमची तिरकी रेघ. बर्कलीने आपला अर्धा हिस्सा १६७४ ला १००० पौंडाला दोन क्वेकर लोकांना विकला, फेनविक आणि बिलिंज. त्यांचं आपसात भांडण झालं, ते सोडवायला विल्यम पेन बसला (पेनसिल्व्हेनिया त्याच्या नंतरची गोष्ट). मग १६७६ ला पाच जणांच्या सह्यांचा करार होऊन पूर्व जर्सी कार्टरेटकडे आणि पश्चिम जर्सी क्वेकरांकडे अशी वाटणी झाली. १६८७ ला जॉर्ज कीथ मोजणी करत दक्षिणेकडून निघाला आणि रॅरिटनच्या दक्षिण शाखेपर्यंत येऊन काम थांबलं, म्हणून त्या रेघेवरूनही पुढे वाद. १७०२ ला दोन्ही भाग एकत्र होऊन राजाच्या ताब्यात गेले तरी राजधान्या दोन राहिल्या, पर्थ अँबॉय आणि बर्लिंग्टन, विधानसभा आळीपाळीने दोन्हीकडे भरायची. आमचं ट्रेंटन राजधानी झालं ते १७९० ला. राज्य एकत्र झालं तरी जमिनीची मालकी त्या प्रोप्रायटर लोकांकडेच, म्हणजे वाटणीतल्या मालकांकडेच राहिली आणि पूर्व जर्सीचं त्यांचं मंडळ बंद झालं १९९८ ला! पश्चिमेकडचं तर बर्लिंग्टनला अजून आहे. चार्ल्सच्या सनदेवर चालणारी संस्था आज सुद्धा जिवंत आहे आणि ज्यांची जमीन होती त्यांच्या नावावर मात्र राज्यात एक राखीव तालुका पण नाही.

क्वेकरांबद्दल एक चांगलं सांगायला हवं. पश्चिम जर्सीच्या १६७७ च्या कायद्यात असं होतं की गोरा आणि लेनापे यांच्यात खटला असेल तर ज्युरीत सहा गोरे आणि सहा लेनापे बसतील. त्या काळात हे मोठंच होतं. ते टिकलं नाही हे वेगळं.

---

सई_म

बापू, वाचून काटा आला. एक भर घालते कारण न्यू जर्सीचं नाव निघालं की गुलामगिरी कोणाला आठवत नाही, सगळ्यांना वाटतं ते दक्षिणेचं प्रकरण. इथे १६६५ ला मालकांनी वसाहतीसाठी काढलेल्या सवलतींच्या कागदातच लिहिलेलं होतं की जो नोकर किंवा गुलाम आणेल त्याला माणशी जास्तीची जमीन. म्हणजे लेनापेंची जमीन काढून ती गुलाम आणणाऱ्याला बक्षीस. पर्थ अँबॉयच्या बंदरात गुलाम उतरायचे. १८०० साली राज्यात १२ हजारांवर गुलाम होते. उत्तरेकडच्या राज्यांत सगळ्यात शेवटी, १८०४ ला, हळूहळू मुक्तीचा कायदा झाला, तो सुद्धा कसा, तर ४ जुलै १८०४ नंतर जन्मलेली मुलगी २१ वर्षं आणि मुलगा २५ वर्षं आईच्या मालकाकडे राबणार आणि मग सुटणार.

आणि एडिसन, ईस्ट ब्रन्सविकला राहणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. १८१८ ला मिडलसेक्स काउंटीतल्याच जेकब व्हॅन विकल नावाच्या न्यायाधीशाने शंभराच्या आसपास काळ्या लोकांना लुइझियानाला पाठवलं, जिथे जन्मभराची गुलामी होती. कायद्याने त्यांची संमती लागायची, तर त्याने कागदावर संमती लिहून घेतली, अगदी बोलताही न येणाऱ्या पोरांची सुद्धा. बापूंनी सह्यांचं लिहिलं तेव्हा मला हेच आठवलं. १८६० च्या जनगणनेत इथे अजून १८ जण गुलाम म्हणून नोंदलेले आहेत आणि गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला न्यू जर्सीने आधी नकार दिला होता, मान्यता दिली ती १८६६ च्या जानेवारीत, ती देशभर लागू झाल्यावर.

चांगलं पण सांगते, १७७६ च्या इथल्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या सगळ्या रहिवाशांना मत होतं, त्यामुळे अविवाहित आणि विधवा बायका इथे मत द्यायच्या, काही काळे लोक पण द्यायचे. १८०७ ला ते काढून घेतलं. दिलेला हक्क काढून घेणं हे न दिलेल्यापेक्षा वाईट वाटतं मला.

---

अनघा_पार्सिपनी

बापरे, किती काय काय आहे. सगळ्यांचे खूप आभार. हडसनकाठचे, ते शेकोटीजवळ बसलेल्या माणसाचं वाचून मी थोडा वेळ पुढे वाचलंच नाही. पण बापू, माझा मूळ प्रश्न राहिला ना, ते लोक गेले कुठे शेवटी?

---

बापू_ट्रेंटन

सांगतो ताई, मुद्दाम वेगळं लिहायचं होतं.

१७०० नंतर बरेचसे लेनापे डेलावेअर नदीच्या पलीकडे सरकले होते. तिकडे १७३७ ला पेनच्या मुलांनी त्यांना फसवलं. एक जुना कागद दाखवून म्हणाले, माणूस दीड दिवसात जेवढं चालेल तेवढी जमीन आमची. मग रान साफ करून वाट तयार केली, तीन पळणारे गडी ठेवले आणि दहा लाख एकरांहून जास्त जमीन घेतली. ऱ्होड आयलंड राज्याएवढी! इथून पुढे लेनापे इंग्रजांवर चिडले ते चिडलेच आणि १७५५ नंतर न्यू जर्सीच्या वायव्य सरहद्दीवर हल्ले झाले.

मग १७५८ ला ईस्टनला मोठा तह झाला. न्यू जर्सीतल्या जमिनीवरचे उरलेसुरले सगळे हक्क लेनापेंनी सोडले, आणि बर्लिंग्टन काउंटीत पाइन बॅरन्सच्या कडेला ३००० एकरांची ब्रदर्टन नावाची राखीव जागा त्यांना दिली. आजचं शामाँग, तिथे इंडियन मिल्स नावाचं गाव आहे ते हेच. गोंद्या, चांगल्या जागी गेले असतील म्हणालास ना, तर ही जागा रेताड. दोनशेच्या आसपास लोक, एक चर्च, एक पिठाची गिरणी, लाकूड कापायची गिरणी, आणि जॉन ब्रेनर्ड नावाचा मिशनरी जो मनापासून झटला. पण तो गेल्यावर पैसे देणारं कोणी उरलं नाही, गिरणी जळाली, लोक उपासमारीला लागले. १८०१ ला विधानसभेने कायदा करून जागा विकायला काढली आणि १८०२ ला ते बैलगाड्यांतून न्यूयॉर्क राज्यात आपल्या नातलग टोळ्यांकडे गेले. तिथूनही उठवल्यावर विस्कॉन्सिनला.

विस्कॉन्सिनला गेल्यावर त्यांना आठवलं की ब्रदर्टन विकलं तरी शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क आपण कधी विकलाच नव्हता. म्हणून १८३२ ला बार्थोलोम्यू कॅल्विन नावाचा सत्तरीच्या पुढचा माणूस ट्रेंटनला आला. ब्रदर्टनला वाढलेला, प्रिन्स्टनच्या कॉलेजात शिकलेला, ब्रदर्टनच्या शाळेत मास्तर होता. त्याने अर्ज केला, विधानसभेने २००० डॉलर दिले. तेव्हाच्या भाषणात तो म्हणाला की तुम्ही लढाईत आमच्या रक्ताचा थेंब सांडला नाही आणि आमच्या संमतीवाचून एक एकर घेतली नाही. गोंद्या, तू जे वाचलंस ते इथूनच आलंय, हे वाक्य इथल्या पुस्तकांत लोक अभिमानाने छापत आले. पण म्हातारा दोन हजार डॉलर घ्यायला आला होता, मागे त्याचे लोक तिकडे थंडीत बसलेले, त्याने सभ्यपणे जे बोलायचं ते बोलला. त्यावरून न्यू जर्सीचा इतिहास स्वच्छ ठरत नाही, असं माझं पक्कं मत आहे.

बाकीच्या लेनापेंचं म्हणजे पेनसिल्व्हेनियाकडे गेलेल्यांचं आणखी लांब झालं. ओहायोत गेले. १७७८ ला फोर्ट पिटला अमेरिकेने त्यांच्याशी तह केला, नव्या देशाने एखाद्या मूळ राष्ट्राशी केलेला पहिला लेखी तह, आणि त्यात चक्क असं होतं की पुढे मूळ लोकांचं वेगळं राज्य व्हावं, त्याचं प्रमुखपद लेनापेंकडे आणि काँग्रेसमध्ये प्रतिनिधी. चारच वर्षांनी, १७८२ ला, ग्नाडेनहुटनला पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियाने (नागरिकांच्या फौजेने) ९६ ख्रिस्ती लेनापेंना मारलं, प्रार्थना म्हणत असताना. मग इंडियाना, मिसुरी, कॅन्सस, आणि १८६७ ला ओक्लाहोमा. प्रत्येक ठिकाणी नवा कागद आणि आता इथून तुम्हाला कोणी हलवणार नाही असं वचन.

आज ओक्लाहोमात त्यांची दोन मान्यताप्राप्त राष्ट्रं आहेत, एक बार्टल्सव्हिलला आणि एक अनाडार्कोला. बार्टल्सव्हिलवाल्यांची मान्यता सरकारने १९७९ ला काढली, १९९६ ला दिली, २००४ ला कोर्टात गेली, २००९ ला परत मिळाली. विस्कॉन्सिनला स्टॉकब्रिज-मन्सी, आणि कॅनडात ऑन्टारिओत काही वस्त्या. तेव्हा लेकीला सांगा, मेले नाहीत. हजारो आहेत.

---

हडसनकाठचा

बापू, __/\__ . एकच भर, सगळे गेले नाहीत हे पण सांगायला हवं. बर्लिंग्टनकडे इंडियन ॲन म्हणून बाई होती, टोपल्या विणून विकायची, १८९४ ला वारली तेव्हा शेवटची लेनापे गेली असं लिहून मोकळे झाले लोक. पण दक्षिणेला ब्रिजटनच्या आसपास नँटिकोक लेनी-लेनापे आहेत, उत्तरेला रामापो डोंगरात रामापो लेनापे आहेत, आपलं कूळ लपवून, चर्चच्या आडोशाने राहिले. राज्याची मान्यता त्यांना १९८० च्या सुमाराला मिळाली, केंद्राची अजून नाही.

आणि रामापो लोकांचं तर अजून चालूच आहे. माहवाला फोर्डचा मोटारीचा कारखाना होता, १९८० ला बंद झाला. त्याचा रंगाचा गाळ रिंगवूडच्या जुन्या लोखंडाच्या खाणींत आणि आसपासच्या रानात आणून ओतला, ६० च्या दशकाच्या शेवटी आणि ७० च्या सुरुवातीला. तिथेच ही माणसं राहतात. त्या घट्ट झालेल्या रंगीत गाळाशी पोरं खेळायची. सुपरफंड यादीत (विषारी कचऱ्याच्या जागा साफ करायची केंद्र सरकारची यादी) जागा आली, साफ झाली म्हणून १९९४ ला यादीतून काढली, आणि गाळ निघतच राहिला म्हणून २००६ ला परत घातली, असं परत यादीत आलेलं देशातलं पहिलं ठिकाण. हे चौथीच्या पुस्तकात नसेल पण आपण इथले मतदार आहोत, आपल्याला माहीत पाहिजे.

---

गोंद्या

पटलं. ब्रदर्टनबद्दल काहीच माहीत नव्हतं, शामाँगच्या रस्त्याने आम्ही ब्लूबेरी तोडायला जातो नेहमी. बाकी वॉशिंग्टनचा विषय निघालाच आहे तर, जानेवारी १७७७ ला ट्रेंटनजवळ ज्याला चकवून वॉशिंग्टन रातोरात प्रिन्स्टनला निसटला तो कॉर्नवॉलिस म्हणजे आपल्याकडे नंतर गव्हर्नर जनरल झाला तोच का? १७९२ ला श्रीरंगपट्टणला हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन ज्याच्याबरोबर होते तो?

---

बापू_ट्रेंटन

हो, तोच. १७७६ च्या नोव्हेंबरात फोर्ट ली त्यानेच घेतलं. इथे हरला, यॉर्कटाऊनला शरण गेला, आणि मग भारतात येऊन बंगालचा कायमधारा केला. शेवटी गाझीपूरला १८०५ ला वारला. त्याच्यावर वेगळा धागा काढ, मी येतो लिहायला.

---

सई_म

अनघा, लेकीसाठी दोन गोष्टी. बार्टल्सव्हिलच्या डेलावेअर लोकांनी (लेनापेंचंच इंग्रजी नाव) लेनापे भाषेचा बोलता शब्दकोश ऑनलाइन ठेवलाय, फुकट आहे, शब्द टाकला की जुन्या लोकांच्या आवाजात उच्चार ऐकू येतो. माझ्या भाच्याने शाळेत प्राण्यांची नावं ऐकवली होती, बाईंनी अख्ख्या वर्गाला परत म्हणायला लावली.

दुसरं, नँटिकोक लेनी-लेनापे लोकांचा पॉववॉव (नाचगाण्यांचा मेळावा) दर जूनमध्ये दक्षिणेला सेलम काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर असतो. सगळ्यांना खुला असतो. तारीख त्यांच्या साइटवर आधी बघून घे, आणि नाच चालू असताना फोटो काढायच्या आधी विचार, काही नाचांचे फोटो चालत नाहीत त्यांना. आम्ही या वर्षी जाणार आहोत, पार्सिपनीकडून कोणी येणार असेल तर व्यनि करा, गाडीत जागा आहे.